क्रिकेटच्या पॅडमध्ये लपवलेला दुसरा फोन

ऐरोलीहून एका आईने पाठवलेले पत्र बरेच मोठे आहे, त्यातला आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

«माझा मुलगा सोळा वर्षे आठ महिन्यांचा असून अकरावी सायन्सला आहे. त्याचे कॉलेज ठाण्यात आणि संध्याकाळचा क्लास नौपाड्यात आहे. २०२० च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाली तेव्हा तो सहावीत होता. त्याला पहिला फोन देताना मी त्यावर फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचे गूगलचे ॲप बसवले. दिवसाला तीन तास, रात्री साडेनऊला फोन बंद, नवे ॲप घ्यायचे तर माझी परवानगी, आणि तो कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसणार, अशी व्यवस्था आजही तशीच आहे. तो तेरा वर्षांचा होत असताना गूगलचा ईमेल आला होता की आता त्याला स्वतःचे खाते स्वतः सांभाळता येईल. तो ईमेल मी त्याला दाखवला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये एका पावसाळी संध्याकाळी ठाण्याहून ऐरोलीकडे येणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या लोकल गाड्या रखडल्या आणि नेमके त्याच वेळी त्याचे तीन तास संपले. त्याला ना गाड्यांची माहिती बघता येईना, ना नकाशा, ना मला फोन लावता येईना. मी मीटिंगमध्ये होते. तो पावणेअकराला घरी आला आणि काहीही न बोलता झोपला. डिसेंबरमध्ये माळा आवरताना त्याच्या जुन्या क्रिकेटच्या पॅडमध्ये एक फोन सापडला. काचेला तडा गेलेला, चार्जर रबरबँडने गुंडाळलेला, आत सिम नाही. तो बहुधा घरच्या वाय-फायवर चालतो. मी तो होता तसा परत ठेवला आणि अजून कोणाला काही बोललेले नाही. आता तो म्हणतो की लॉक काढून टाक. शिफ्टमध्ये काम करणारे त्याचे बाबा म्हणतात की कायद्याने १८ पूर्ण होईपर्यंत तो लहानच आहे, तोपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात की सहामाहीला ऐंशी टक्के आणले तर काढ. मी काय करू?»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेला प्रश्न लॉक काढण्याचा आहे, पण तुमच्या पत्रातली खरी अडचण त्या पॅडमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. त्या दुसऱ्या फोनवर तुमच्या मुलाचे दुसरे एखादे गूगल खाते असणार, ज्यावर तुमची देखरेख नाही. म्हणजे निदान डिसेंबरपासून, आणि माझ्या अंदाजाने त्या ऑगस्टच्या रात्रीनंतर लवकरच, तुमच्या घरात लॉक असलेला एक फोन दाखवायला आणि लॉक नसलेला एक फोन वापरायला आहे. तुम्हाला ते माहीत आहे हे त्याला माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत असूनही तुम्ही गप्प आहात. या स्थितीत फॅमिली लिंक ठेवले काय आणि काढले काय, त्याच्या वापरात काडीचा फरक पडणार नाही; फरक पडेल तो एवढाच की ते काढताना तुम्ही मोठे मन दाखवल्यासारखे होईल, तो आभार मानेल, आणि दोघेही एकमेकांशी खोटे बोलत असाल.

म्हणून लॉकला हात लावण्याच्या आधी त्याला सांगा की फोन सापडला आहे. ही गोष्ट सांगण्यासाठी बाबांची शिफ्ट, जाऊबाईंचा फोन किंवा परीक्षेचा निकाल यांपैकी कशाचीही वाट पाहू नका. पण रात्री अकरा वाजता पॅड त्याच्यासमोर आपटून सांगण्याचीही ही गोष्ट नाही. मी तुमच्या जागी असते तर रविवारी सकाळी, तो चहा घेत असताना, फोन हातात न घेता एवढेच म्हणाले असते: «माळ्यावर तुझा फोन मला डिसेंबरमध्ये दिसला. मी तो उघडला नाही. तू तो का घेतलास याचा मी विचार केला, आणि मला वाटते की त्या पावसाच्या रात्रीचा त्याच्याशी संबंध आहे.» (तुम्ही तो उघडून पाहिला असेल, तर अर्थातच हे वाक्य म्हणू नका, उघडला होता असे सांगा. पत्रात त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून हे लिहावे लागले.) त्यानंतर त्याला बोलू द्या. तो फोन एखाद्या मित्राकडून आला असेल, तर त्या मित्राचे नाव तो कदाचित सांगणार नाही, आणि पहिल्याच दिवशी ते काढून घेण्याचा हट्ट धरू नका.

त्या रात्रीबद्दल तुम्ही दोन ओळीत लिहिले आहे, पण मला ती जागा महत्त्वाची वाटते. फॅमिली लिंकची रोजची मर्यादा संपली की फोन बंद होतो, पण तो कसा बंद होतो हे बहुतेक पालक स्वतः कधी अनुभवत नाहीत. अशा वेळी मुलाला आलेला फोन उचलता येतो आणि आपत्कालीन क्रमांक लावता येतो. बाकी ॲप उघडत नाहीत. म्हणजे ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर, दिघ्यापलीकडे गाडी का थांबली आहे हे कोणालाच ठाऊक नसताना, आजूबाजूचा प्रत्येक माणूस आपल्या फोनमध्ये डोके घालून उभा होता आणि तुमचा मुलगा, हातात फोन असूनही, कोणाच्या तरी खांद्यावरून गाड्यांची वेळ वाचत होता. सोळा वर्षांच्या मुलाला हा अपमान वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. ही अडचण टाळण्याची सोय ॲपमध्ये होती: ठरावीक ॲप मर्यादेबाहेर, म्हणजे कायम चालू, ठेवता येतात. नकाशा, गाड्यांचे वेळापत्रक आणि फोन लावण्याचे ॲप त्यात घातले असते तर ती रात्र वेगळी गेली असती. सहावीतल्या मुलासाठी २०२० मध्ये घरात बसून लावलेली व्यवस्था रोज ऐरोली ते ठाणे ये-जा करणाऱ्या मुलाला पाच वर्षे तशीच लागू राहिली, आणि तिच्याकडे पुन्हा बघायचे राहून गेले. हे त्याच्याकडे मान्य करा. क्षमा मागा असे मी म्हणत नाही, पण मागावीशी वाटली तर अडवूनही धरू नका.

तेरा वर्षांच्या वेळचा तो ईमेल मात्र सांगायचा की नाही, याबद्दल मी बराच वेळ विचार केला. तेव्हाचा नियम असा होता की तेरा पूर्ण झाल्यावर मुलाने देखरेख चालू ठेवायची की नाही हे स्वतः ठरवावे. म्हणजे जो निर्णय त्याचा होता तो तुम्ही त्याला कळू न देता घेतला. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मीही कदाचित तेच केले असते, हे प्रांजळपणे सांगते. तरीही सांगा, कारण त्याने पॅडमध्ये फोन लपवला आणि तुम्ही ईमेल लपवला या दोन गोष्टी एकाच टेबलावर आल्या तर बोलणे बरोबरीने होईल, आणि नुसत्या त्याच्या लपवाछपवीवर ते अडकून पडणार नाही.

आता लॉकविषयी. माझे मत असे की ते काढावे, पण एका दमात नव्हे, आणि कोणत्याही गुणांच्या बदल्यात तर मुळीच नव्हे. जाऊबाईंची सूचना सद्भावनेने आलेली आहे यात शंका नाही, पण ऐंशी टक्क्यांचा आणि फोन जबाबदारीने वापरण्याचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो; ब्याऐंशी टक्के मिळवणारा मुलगा रात्री तीनपर्यंत जागू शकतो आणि अडुसष्ट टक्क्यांचा मुलगा दहाला झोपू शकतो. शिवाय अकरावीच्या भौतिकशास्त्रात दहावीचे गुण कुठे जातात हे ज्यांच्या घरी अकरावी झाली आहे त्यांना विचारा.

बाबांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमज आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, हे खरे. पण त्या कायद्याने बंधन घातले आहे ते कंपन्यांवर: मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नका, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नका. आईवडिलांनी अठराव्या वाढदिवसापर्यंत फोनला कुलूप लावावे असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. आणि तारखांचा हिशेब केला तर तुमचा मुलगा पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात अठरा पूर्ण करील, म्हणजे बारावीची परीक्षा संपलेली, सीईटीचे दिवस चालू, आणि नंतर दोन-तीन महिन्यांत कदाचित पुण्याला किंवा आणखी कुठे वसतिगृहात मुक्काम. ज्या महिन्यात तो घराबाहेर पडणार त्याच महिन्यात पहिल्यांदा त्याच्या हाती मोकळा फोन द्यायचा, अशी ही योजना आहे. त्याऐवजी आता दीड वर्ष तो घरी असताना, रात्री उशिरापर्यंत जागून सकाळी सातची गाडी चुकवू दे, आणि ती का चुकली हे तुमच्यासमोर कळू दे. बाबांना हे पटेल असे मला वाटते, कारण शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी एकट्याने मशिनवर उभे करायचे नसते हे सांगावे लागत नाही.

काढण्याचा क्रम मी असा ठेवीन. सर्वांत आधी रोजची तीन तासांची मर्यादा, आणि ती फोनबद्दलचे बोलणे झाले की त्याच दिवशी, कारण सायन्सच्या मुलाची व्याख्याने, क्लासचे ग्रुप आणि नोट्सच्या पीडीएफ सगळे त्याच फोनवर असते, आणि तासांची मोजणी अभ्यास आणि रील यांत भेद करत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ॲपसाठी तुमची परवानगी घेण्याची अट काढा. रात्रीचा साडेनऊचा बंद मात्र ॲपमधून काढून घरात आणा: सगळ्यांचे फोन झोपताना दिवाणखान्यात चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे तुमचा आणि त्याच्या बाबांचासुद्धा. पहाटेच्या शिफ्टसाठी गजर लागतो ही सबब बाबा सांगतील; दोनशे-तीनशे रुपयांत गजराचे घड्याळ मिळते. हा नियम तुम्ही दोघांनी मोडला तर तो मुलाकडून पाळला जाण्याची अपेक्षा ठेवू नका.

सर्वांत शेवटी लोकेशन. इथे मला ठाऊक आहे की तुम्हाला सर्वांत जड जाईल, कारण पत्रात तुम्ही एक वाक्य लिहून खोडले आहे आणि ते तरीही वाचता येते: «तो कळव्याच्या खाडीवरून पुढे आला की माझा जीव खाली पडतो.» हे वाक्य वाचून मी थांबले. त्याच्या प्रवासावर नजर ठेवल्याने तो सुरक्षित होत नाही, तुम्हाला मात्र स्वस्थता मिळते, आणि ती गरज खोटी नाही. पण ती आपली आहे हे मान्य केले की मार्ग सापडतो: देखरेखीतून त्याचे ठिकाण बघण्याऐवजी गूगल मॅप्समधून दोघांनी एकमेकांना ठिकाण दाखवावे, त्याने तुम्हाला आणि तुम्ही त्याला. तुम्ही ऑफिसातून निघालात की नाही हे त्यालाही कळू दे. तो नाही म्हणाला तर आग्रह नको. पावसाळ्यात क्लास सुटला की एक मेसेज, एवढे ठरवा.

ही तीन-चार पावले नीट पडली की देखरेख पूर्ण थांबवायची, आणि तेव्हाच थोडी तांत्रिक काळजी लागते. आधी त्याच्या गूगल खात्यातील जन्मतारीख बघा; तेराव्या वर्षीचा ईमेल तुम्हाला वेळेवर आला, म्हणजे ती बहुधा बरोबर आहे, तरी खात्री करा. २०२० च्या घाईत अनेक पालकांनी हाताला येईल ती तारीख टाकली होती. तारीख चुकून अलीकडची पडली असेल आणि त्या हिशेबाने मूल अजून तेरा वर्षांखालचे ठरत असेल, तर खाते काढून टाकल्याशिवाय देखरेख थांबत नाही. मग त्याचा पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक आणि ईमेल तपासा. तिथे बहुधा तुमचाच क्रमांक असेल. तिथे त्याचा क्रमांक घाला, पासवर्ड त्याला स्वतःला बदलू द्या आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला सांगा. हे सगळे त्याने करावे, तुम्ही शेजारी बसावे. त्यानंतर तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये त्याचे नाव निवडून खात्याच्या सेटिंगमध्ये गेलात की देखरेख थांबवण्याचा पर्याय सापडतो. त्याने फोटो, नोट्स, संपर्क यांना धक्का लागत नाही.

फोन फॅक्टरी रीसेट करू नका, असे कोणी शेजाऱ्याने सुचवले तरीही. देखरेख ही फोनवर नसून खात्यावर असते. फोन कोरा करून तेच खाते पुन्हा घातले की लॉक जसेच्या तसे परत येते, आणि मधल्या मध्ये त्याच्या केमिस्ट्रीच्या नोट्स जातात. इंटरनेटवर «दोन मिनिटांत लॉक काढा» अशी जी ॲप मिळतात त्यांना तर हातही लावू नका, कारण ती फोनच्या सगळ्या परवानग्या मागतात आणि लॉकपेक्षा मोठे संकट घरात आणतात. (ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्या बाबतीत ही व्यवस्था स्क्रीन टाइम नावाने आहे, आणि तिचा चार आकडी पासकोड मुलांनी आईच्या खांद्यावरून कधीच वाचलेला असतो.)

आता जे लॉकने कधीच होत नव्हते त्याबद्दल. फॅमिली लिंक मुलाचे मेसेज वाचत नाही आणि त्याच्या स्क्रीनवर काय चालले आहे ते दाखवत नाही. म्हणजे तुम्ही पत्राच्या शेवटच्या पानावर ज्या भीती लिहिल्या आहेत, कोणी फोटो मागेल, कोणी धमकावेल, कोणी पैसे काढून घेईल, त्यांपैकी एकाही बाबतीत ते तुम्हाला आधी कळवणार नव्हते. त्या गोष्टी बोलूनच सांगाव्या लागतात, आणि कॉलेजातल्या मुलाला त्यांपैकी एक विशेष करून सांगावी. «तुझे बँक खाते थोडे दिवस वापरू दे, येतील त्यातले काही पैसे तुझे» असे सांगून मुलांची खाती सायबर फसवणुकीचे पैसे फिरवायला घेतली जातात, आणि पोलिस जेव्हा त्या पैशांच्या मागावर येतात तेव्हा पहिला दरवाजा त्या मुलाचा असतो. त्याचे स्वतःचे खाते असेल तर हे आजच बोला. बहुतेक घरांत हे बोलणे होत नाही, कारण पालकांच्या डोक्यात फोनची भीती म्हणजे फक्त अश्लील चित्रे असतात.

फोटोवरून धमकी आलीच तर पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचे नाही, खाते बंद करायचे नाही, आणि तुमच्याकडे यायचे, एवढे त्याला पाठ असू दे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक जितक्या लवकर लावावा तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. तो क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये जतन करून ठेवा. आणि त्याला एकदा स्पष्ट सांगा की असे काही घेऊन तो आला तर त्या दिवशी फोन काढून घेतला जाणार नाही. मुले अशा वेळी घरी बोलत नाहीत त्याचे पहिले कारण फोन जाईल हीच भीती असते. हे वचन द्यायचे तर बाबांनाही त्यात घ्यावे लागेल, नाहीतर देऊ नका.

इन्स्टाग्रामवर अल्पवयीन मुलांसाठी आता वेगळी खाती असतात. ती आपोआप खासगी राहतात आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद ठेवतात. पण सोळा पूर्ण झालेल्या मुलाला हे निर्बंध पालकांची परवानगी न घेता सैल करता येतात, आणि तुमचा मुलगा सोळा ओलांडून गेला आहे. तेव्हा या दोन निर्बंधांपुरते तरी परवानगीचे बटण तुमच्याकडे नाही. त्या पॅडमधल्या फोनवर त्याने कोणत्या जन्मतारखेने खाते उघडले आहे हे मात्र सहज, दरडावणी न करता, विचारा; वय वाढवून उघडलेल्या खात्याला हे संरक्षण मिळेलच असे नाही.

राहिला तो फोन. तुम्ही तो जप्त करावा असे मला वाटत नाही, पण तो कुठून आला हे कळल्याशिवाय घरात राहूही नये. मित्राने वापरायला दिला असेल तर त्याने स्वतः तो परत करावा, तुम्ही त्या मित्राच्या आईला फोन करू नये. विकत घेतला असेल, विशेषतः पावती नसताना स्टेशनबाहेर किंवा कोणा ओळखीच्याच्या ओळखीने, तर तो चोरीचा असण्याची शक्यता तपासायला हवी. त्या फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनच्या ओळखीचा क्रमांक दिसतो. केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो घालून फोनची नोंद पाहता येते. किंवा रोमन लिपीत केवायएम ही तीन अक्षरे, मध्ये एक जागा आणि मग तो क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवला तरी उत्तर येते. फोन काळ्या यादीत निघाला, तर तुम्ही दोघे मिळून रबाळे पोलिस ठाण्यात जा, आणि तिथे बोलायचे काम त्याला करू द्या, तुम्ही बाजूच्या बाकावर बसा. नोंद स्वच्छ निघाली, तर तडा गेलेली काच बदलायची की फोन विकून पैसे परत घ्यायचे हे त्याला ठरवू दे. पॅड मात्र आता माळ्यावरून खाली काढा, मार्चपर्यंत त्याला कॉलेजच्या संघात घेतले तर लागतील.